रक्तातून येणारी कावीळ : ती कोणास गाठते?

आपल्या खेड्यापाड्यांतून कावीळ हा एकच एक रोग समजला जातो. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली की घरातील वडीलधारी मंडळी कावीळ झाली असे ठरवितात आणि लागलीच उपायांची शोधाशोध सुरू होते. कोणी मनगटावर डाग द्यावयास सांगतो, कोणी नाकात कडू दोडक्याचा रस सोडतो, तर कोणी मस्तकावर वनस्पतीच्या काड्यांची माळ ठेवतो आणि ती लांबत लांबत गळ्याखाली उतरली म्हणजे कावीळ उतरली असे मानतो. (काड्या वाळल्या की आकसतात, दोऱ्याचे फास सैल पडतात आणि माळ लांबते. रोगी बरा होवो अथवा न होवो, माळ लांबल्यावाचून राहत नाही.) या उपचारांनी पुष्कळांना गुण येतो अशी ख्याती आहे, आणि तिचे कारणही उघड आहे. काविळीचे बहुतेक रोगी विश्रांती व हलका आहार मिळाल्यास काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय मात्र माळेला मिळते.

वस्तुतः कावीळ हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण होय. पित्ताचा पिवळा रंग रक्तात साचला म्हणजे तो डोळ्यांत व त्वचेत दिसू लागतो. आणि तो साचण्याचे नेहमीचे कारण म्हणजे यकृताला आलेली सूज. ही सूज आणणारे विषाणू अनेक आहेत. त्यांपैकी 'ए' आणि 'ई' हे दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि दिल्ली शहरात सुमारे २९,००० माणसे काविळीने आजारी पडली, ती या दुसऱ्या जातीची साथ होती. विहीर, नळ, गटार यांच्याशी या काविळींचा संबंध असतो, आणि पाणी उकळून पिणे हा त्यांवरचा शहाणपणाचा उपाय. परंतु 'बी' नावाची कावीळ पाण्यातून येत नाही. ती रक्तातून येते. पाणी कितीही उकळले तरी तिला अटकाव होत नाही, आणि आजचा लेख तिच्याविषयी आहे.

रक्तातून कावीळ येऊ शकते, ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती जर्मनीतील ब्रेमेन शहरी. १८८३ साली तेथील गोदीतील १,२८९ कामगारांना देवी टोचण्यात आल्या. त्या काळी देवीची लस माणसांच्या फोडांतील लशीपासून तयार होत असे. पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जण काविळीने पिवळे झाले. आणि त्याच गोदीत काम करणारे, तेच पाणी पिणारे, पण ती लस न टोचलेले कामगार मात्र धडधाकट राहिले. १९४२ साली अमेरिकन सैन्यात पीतज्वराची लस दिल्यावर असाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला. सुमारे ५०,००० सैनिक काविळीने आजारी पडले, कारण ती लस टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव घातला होता. अपराधी लपला होता तो त्या रक्तद्रवात.

तो अपराधी सापडला तो मात्र आडवाटेने. बरूच ब्लूमबर्ग नावाचे अमेरिकन डॉक्टर काविळीच्या शोधात नव्हतेच. निरनिराळ्या देशांतील माणसांच्या रक्तात काय फरक असतात, याचा ते अभ्यास करीत होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अपरिचित पदार्थ आढळला; त्याचे वर्णन त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. तो कशाचा, हे दोन वर्षे कोडेच होते. १९६७ साली त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक सहकारी महिला आजारी पडली, तिने स्वतःचेच रक्त तपासले, आणि पूर्वी नसलेला तो पदार्थ तिच्या रक्तात दिसू लागला होता. काही काळाने तिला कावीळ झाली. कोडे सुटले. ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

हा विषाणू राहतो कोठे? रक्तात सर्वांत अधिक, आणि त्याखालोखाल शरीरातील काही अन्य स्रावांत. त्याची चिवटाई आश्चर्यकारक आहे. वाळलेल्या रक्ताच्या डागात, शरीराबाहेर, तो किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश सुईच्या टोकावर राहिला तरी त्याला तेवढा पुरतो. ज्याने लस घेतलेली नाही अशा माणसास रोग्याच्या रक्ताने माखलेली सुई टोचली गेल्यास, अशा शंभर प्रसंगांत ६ ते ३० वेळा रोग लागतो. एड्सच्या विषाणूच्या बाबतीत हेच प्रमाण हजारांत सुमारे ३ आहे. एड्सचे नाव काढताच आपण दचकतो, आणि सुईच्या वाटेने त्याहून कितीतरी सहज येणाऱ्या या रोगाचे नावही आपल्या घरांत कोणी घेत नाही.

सुईविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण इंजेक्शनाची आवड हा आपल्या ग्रामीण जीवनाचा एक भागच होऊन बसला आहे. ज्या डॉक्टराने सुई टोचली नाही तो डॉक्टर कसला, अशी समजूत आहे. साधा ताप असो, अंगदुखी असो, गोळीने काम भागत असले तरी सुईचा आग्रह रोग्याचाच असतो. आणि डॉक्टर, किंवा डॉक्टर म्हणविणारा, तो आग्रह आनंदाने पुरवितो. २००९ साली गुजरातमधील मोडासा या गावी व त्याच्या आसपास जे घडले, ते बडोद्याकडील आमच्या अनेक वाचकांना आठवत असेल. तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातील या भागात वर्षाच्या आरंभी 'बी' काविळीचे रोगी एकामागून एक येऊ लागले. चारशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि ऐंशीहून अधिक दगावली. एरवी या रोगाच्या पहिल्या झटक्यात मोठी माणसे क्वचितच मरतात. पण तेथे जो विषाणू पसरला तो विशेष घातक रूपाचा होता. तपासात निष्पन्न झाले ते असे की, खासगी दवाखान्यांतून एकदा वापरलेल्या सिरिंजा व सुया नीट निर्जंतुक न करताच दुसऱ्यांना टोचल्या जात होत्या. मरण पावलेली माणसे काही दुर्वर्तनी नव्हती. ताप आला म्हणून औषध घ्यावयास ती गेली होती.

म्हणून आमचे सांगणे असे की, गोळीने काम होत असेल तर सुई मागू नये. सुई अपरिहार्य असेल तर पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडावयास सांगावे. यात डॉक्टरांचा अपमान काही नाही. चांगला डॉक्टर असे विचारणाऱ्यावर रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याकडे पुन्हा जाण्याचे कारण नाही. हीच दक्षता दात काढताना, कान टोचताना, जत्रेत गोंदवून घेताना घ्यावी. एकाच सुईने दहा जणांच्या हातावर नाव गोंदणारा जत्रेतील माणूस त्या दहा जणांचे रक्त एकमेकांत मिसळीत असतो. न्हाव्याच्या दुकानात प्रत्येकास नवे पाते लावले जाते की नाही, हेही पाहावे.

एकाचे रक्त दुसऱ्यास देण्यातूनही हा रोग पूर्वी फार पसरला. आता रक्तपेढीत प्रत्येक बाटलीची तपासणी करावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणे बंद झाले आहे. धोका त्यामुळे पुष्कळ कमी झाला. तरीही ज्या मुलांना थॅलॅसेमियासारख्या आजारापायी वारंवार रक्त घ्यावे लागते, आणि मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे ज्यांचे रक्त यंत्रावर शुद्ध करावे लागते, त्यांना हा धोका इतरांहून अधिक असतो. मादक द्रव्ये टोचून घेणारे आणि एकच सुई चौघांत फिरविणारे तरुण यांचा धोका तर सांगावयास नको.

परंतु, वाचकहो, या रोगाचा सर्वांत मोठा राजमार्ग मातेकडून बालकाकडे जातो. मातेच्या रक्तात विषाणू असेल तर प्रसूतीच्या वेळी तो बालकाच्या अंगात शिरतो. विषाणूचे बळ अधिक असलेल्या मातांच्या बाबतीत, काहीच उपाय न केल्यास, शंभरांतील ७० ते ९० बालकांना तो लागतो. आणि येथेच या रोगाचा खरा कपटीपणा दिसतो. मोठ्या माणसास हा रोग झाला तर शंभरांतील ९५ जण त्यावर मात करतात. विषाणू अंगातून नाहीसा होतो आणि पुन्हा तो रोग होत नाही. एक वर्षाच्या आतील बालकास झाला तर उलट घडते : शंभरांतील सुमारे ९० बालकांच्या अंगात तो कायमचा ठाण मांडतो. बालक पिवळे पडत नाही, रडत नाही, तापत नाही. ते वाढते, शाळेत जाते, फुटबॉल खेळते. वीस, तीस, चाळीस वर्षे विषाणू यकृतात गुपचूप काम करीत राहतो, आणि ऐन कर्तेपणाच्या वयात पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते किंवा यकृताचा कर्करोग निघतो. मग गावात म्हणतात, अमका दारू न पिता कसा गेला! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख माणसे हा विषाणू अंगात बाळगून होती, त्यांपैकी सुमारे ३ कोटी आपल्या भारतात. आणि त्या एका वर्षात जगात ११ लाख माणसे या रोगाने मृत्यू पावली. यांपैकी बहुतेकांना तो लहानपणीच लागलेला होता.

घरातल्या घरातही तो पसरतो. एकाच पात्याने दाढी करणारे बापलेक, एकच दात घासण्याचा ब्रश वापरणारी भावंडे, एकमेकांच्या जखमा पुसणारी लहान मुले यांच्यात. आणि तो पतिपत्नींच्या सहवासातूनही पसरतो. ही गोष्ट या पत्रात स्पष्ट लिहावी की न लिहावी असा संकोच काहींना वाटेल. आम्हांस वाटत नाही. विवाहबाह्य संबंध ठेवणाऱ्यास हा धोका आहे हे खरेच, परंतु एकनिष्ठ पत्नीलाही तो आहे, कारण पतीला तो विषाणू कदाचित त्याच्या आईकडून जन्मतःच मिळालेला असतो. कोणाच्या रक्तात विषाणू सापडला म्हणजे त्याच्या आचरणाविषयी कुजबुज सुरू करणारे लोक आपल्या अज्ञानाचेच प्रदर्शन करीत असतात.

या कुजबुजीचे दुःख आम्ही जवळून पाहिलेले आहे. आपले तरुण आखाती देशांत नोकरीसाठी जातात. तेथे जाण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत या विषाणूची चाचणी असते, आणि तो आढळला की उमेदवार अपात्र ठरतो. गोव्याकडील कितीतरी घरांत पहिली बातमी अशीच पोहोचते. कधी ती चर्चच्या सणाला भरविलेल्या रक्तदान शिबिरानंतर येते. तिकिटाचे स्वप्न मोडले याचे दुःख असतेच. त्यात घरची माणसे त्याचे ताट-पेला वेगळे करतात, वहिनी तान्ह्या मुलाला त्याच्या मांडीवर देत नाही, जुळत आलेले लग्न मोडते. एका तरुणाने आम्हांस विचारले, ''फादर, मी ख्रिस्तप्रसाद जिभेवर घ्यावा की नको? माझ्यामुळे दुसऱ्याला लागेल काय?'' असा प्रश्न त्याला पडावा, इतके त्याला घरात दूर लोटले होते.

तेव्हा हे सर्वांनी नीट समजून घ्यावे : हा रोग एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्याल्याने, खोकल्याने, शिंकेने, हस्तांदोलनाने, मिठी मारल्याने पसरत नाही. डासाच्या चावण्याने पसरत नाही. बाळाला लस दिलेली असली की मातेच्या दुधानेही पसरत नाही. अशा मातेचे दूध तोडणे हा बाळावर अन्याय होय. चर्चमध्ये एका बाकावर बसण्याने, तीर्थजलाच्या पात्रात बोटे बुडविण्याने, क्रूसाचे चुंबन घेण्याने तो लागत नाही. लेवीय ग्रंथात कुष्ठरोग्याने छावणीबाहेर राहावे असा नियम होता, आणि आपल्या प्रभूने त्याच कुष्ठरोग्याला हात लावला. येथे तर हात लावण्यात मुळी धोकाच नाही. त्याच्या जखमेवर पट्टी बांधताना हातमोजे घालावे, सांडलेले रक्त ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसावे, त्याची दाढीची पाती, ब्रश आणि नखे काढण्याचे कात्रण वेगळे ठेवावे, बस्स. ताट वेगळे करण्याचे काही कारण नाही.

लग्नाविषयी विचारणारे पुष्कळ असतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यात हा आजार विवाहाला अडथळा नाही. मात्र तो लपवून लग्न करणे ही निराळी गोष्ट आहे. वैवाहिक जीवनात गंभीर बाधा आणू शकणारी बाब संमती मिळविण्यासाठी कपटाने दडवून ठेवली, तर त्या विवाहाच्या वैधतेवरच प्रश्न येऊ शकतो, असे १९८३ च्या धर्मविधीसंहितेत सांगितले आहे. लपविण्याची गरजही नाही, कारण भावी जोडीदाराने आधी रक्त तपासून लसीच्या तीन मात्रा घेतल्या म्हणजे तो सुरक्षित होतो. लग्नाआधीच्या तयारीच्या वर्गात हे सांगितले जावे असे आमचे मत आहे. वधूवरांना साड्या-सोन्याचा हिशेब तोंडपाठ असतो. रक्ताच्या एका साध्या चाचणीचे नाव त्यांना ठाऊक नसते. तिचे नाव एच.बी.एस.ए.जी. असे आहे. ती सकारात्मक निघाली आणि सहा महिन्यांनंतरही तशीच राहिली, तर विषाणूने मुक्काम ठोकला असे समजावे आणि डॉक्टरांकडे नियमाने जावे. सर्वांनाच औषध लागते असे नाही. ज्यांना लागते त्यांच्यासाठी टेनोफोव्हिर व एंटेकॅव्हिर या गोळ्या आहेत. त्या विषाणूला बहुधा समूळ काढीत नाहीत, दाबून ठेवतात, आणि यकृत वाचते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी व औषध दोन्ही सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. दारू मात्र अशा माणसाने वर्ज्यच करावी. फेणी औषधी असते असे सांगणारे मित्र या बाबतीत वैद्य नव्हेत.

लसीची हकीगत थोडक्यात सांगतो. पहिली लस १९८१ साली रोग्यांच्या रक्तद्रवापासून बनली. १९८६ पासून ती यीस्टच्या साहाय्याने बनते, तिच्यात जिवंत विषाणू नसतो आणि तिच्यापासून रोग होऊ शकत नाही. परदेशातून येणारी ही लस सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या संस्थेने १९९७ साली ती येथेच तयार केली आणि किंमत झपाट्याने खाली आली. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना ही लस देण्यास आरंभ केला, आणि पुढे तेथील मुलांतील यकृताचा कर्करोग घटला. टोचणीने कर्करोग टळल्याचा हा जगातील पहिला पुरावा. आपल्या देशात २०११ पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. अर्थात त्यापूर्वी जन्मलेल्या पुष्कळांनी ती घेतलेली नाही.

या न घेतलेल्यांमध्ये आमच्या डोळ्यांसमोर विशेषेकरून येतात त्या आपल्या मुली, ज्या परिचारिकेचे शिक्षण घेण्यास शहरात जातात. ख्रिस्ती घराण्यांतून या सेवेला गेलेल्या मुलींची परंपरा मोठी आहे, आणि दररोज सुया हाताळणाऱ्या त्याच. शिक्षण सुरू होण्यापूर्वीच तीन मात्रा पुऱ्या कराव्या : पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी, आणि नंतर रक्तात प्रतिकारशक्ती आली की नाही हे एकदा तपासून घ्यावे. हेच दवाखान्यातील कचरा उचलणारे, झाडलोट करणारे, प्रयोगशाळेत काम करणारे यांना लागू आहे. त्यांची आठवण कोणी करीत नाही म्हणून मुद्दाम लिहिले. ज्या घरात एक रोगी सापडला त्या घरातील सर्वांनी, नवराबायको, मुले, भावंडे, वृद्ध आई, रक्त तपासून घ्यावे.

आणि गरोदर भगिनींविषयी. पहिल्या तपासणीच्या वेळीच या चाचणीचा आग्रह धरावा. चाचणी सकारात्मक निघाली तर रडत बसू नये, कारण यापुढचा मार्ग ठरलेला आहे. विषाणूचे बळ अधिक असल्यास शेवटच्या महिन्यांत मातेला गोळी देतात. प्रसूती घरी न करता रुग्णालयात करावी, आणि तेथे गेल्याबरोबर परिचारिकेला कागद दाखवावा. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस, आणि मातेत विषाणू असल्यास त्याबरोबर तयार प्रतिकारद्रव्याचे एक इंजेक्शन, एवढे झाले की बहुतेक बाळे वाचतात. येथे दिवस नव्हे, तास मोजावयाचे असतात. रविवार होता, सिस्टर रजेवर होत्या, नाव ठेवल्यावर टोचू असे आजीने सांगितले, अशा कारणांनी ती पहिली मात्रा चुकते.

बाप्तिस्म्याची नोंद करण्यास पालक येतात तेव्हा बाळाचे लसीचे कार्ड बहुधा त्याच पिशवीत असते. त्याच्या पहिल्या ओळीत 'हिपॅटायटिस बी, जन्मतः' असे लिहिलेले असते; तिच्यासमोरची तारीख जन्मतारखेचीच किंवा दुसऱ्या दिवसाची आहे काय, हे पाहावे. ती जागा रिकामी असेल तर मातेची चाचणी झाली होती की नाही हे त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारावे, आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या टोचण्या, ज्यांत ही लस अंतर्भूत असते, त्यांपैकी एकही चुकवू नये.